आमिरचं चीज झालं का?

प्रश्न : सर, आमच्या घरात वाद पेटलाय. वेगवान गोलंदाज मोहम्मद आमिर पाकिस्तानचा, तरी मी त्याचा चाहता. 2009 साली त्या 17 वर्षांच्या पोराला बघून मी म्हटलं होतं, हा दुसरा वसीम अक्रम. मग त्यानं पैशापायी सोन्यासारख्या हाताची माती केली, असं माझं म्हणणं. धाकटा मुलगा म्हणतो, 2017 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला ज्यानं आपले पहिले तिघं काढले, त्याच्या गुणांचं आणखी काय चीज व्हायचं राहिलं? तुम्ही स्वतः डावखुरे गोलंदाज. तुम्हीच काय तो निकाल द्या. (एक निवृत्त एसटी वाहक, मिरज)

उत्तर : निकाल आधीच देतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. चीज झालं नाही. तुमची बाजू खरी ठरली, पण तुम्ही दिलेलं कारण मला अपुरं वाटतं.

आधी त्या हातात काय होतं ते सांगतो. डावखुरा वेगवान गोलंदाज यष्टीच्या उजव्या बाजूनं, म्हणजे आपल्या नेहमीच्या ‘ओव्हर द विकेट’नं धावत येतो, तेव्हा त्याचा चेंडू उजव्या फलंदाजाला जन्मतःच तिरका, बाहेर जाणारा असतो. पाच चेंडू असे गेले की फलंदाज सहावाही सोडायला बॅट वर घेतो. तो सहावा जर हवेत उशिरा वळून आत आला, तर पॅड आणि यष्ट्या दोन्ही उघड्या. ऐकायला सोपं आहे. करायला मनगट चेंडूच्या बरोब्बर मागं हवं, शिवण लेग स्लिपकडं तिरकी करून धरायची, आणि सुटताना बोटं चेंडूच्या बाजूला घसरू द्यायची नाहीत. मी नगरला वाडिया पार्कवर 30 वर्षं पोरांना हे शिकवतोय. दहा डावखुऱ्यांत एखाद्याला जमतं, आणि त्यालाही बहुतेक वेळा वेग थोडा सोडूनच. आमिरला ते 17 व्या वर्षी पूर्ण वेगात जमत होतं. चेंडू आत येणार की बाहेर जाणार, हे त्याच्या हातावरून कळत नव्हतं. टीव्हीवर हळू गतीत बघूनही मला कळत नव्हतं.

आता तुमचं 2009. जूनमध्ये लॉर्ड्सवर ट्वेन्टी-20 विश्वचषकाची फायनल होती, समोर स्पर्धेत सगळ्यात जास्त धावा केलेला श्रीलंकेचा दिलशान. पहिलं षटक 17 वर्षांच्या पोराच्या हातात. दिलशान फुल लेंग्थ चेंडू खांद्यावरून मागं उचलायचा, म्हणून यानं आखूड टप्प्याचा मारा लावला. पाच चेंडूंत दिलशान शून्यावर गेला. त्या वयात डोकं एवढं थंड कुठून येतं, याचं मला अजून नवल वाटतं. महिन्याभरात कसोटी पदार्पण, डिसेंबरात मेलबर्नला एका डावात 5 बळी. पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये हेडिंग्लीला आमिर आणि त्याचा जोडीदार मोहम्मद असिफ यांनी ऑस्ट्रेलियाला 88 धावांत गुंडाळलं आणि पाकिस्ताननं त्यांना 15 वर्षांनी कसोटीत हरवलं. त्यानंतर इंग्लंडविरुद्ध 4 कसोटींत 19 बळी. लॉर्ड्सला तर पीटरसन, कॉलिंगवूड, मॉर्गन हे तिघंही त्यानं शून्यावर काढले. इंग्लंड 7 बाद 102. तो पोरगा तेव्हा 18 वर्षांचा, आणि त्या वयात त्याच्या नावावर 14 कसोटींत 51 बळी जमा झाले होते.

त्याच कसोटीत पैशासाठी मुद्दाम टाकलेले ते नो बॉल पडले. वर्तमानपत्रानं सापळा लावला होता. दलालानं आधी सांगितलेल्या चेंडूंवरच आमिर आणि असिफचे पाय रेषेच्या पुढं पडले. आमिरला 5 वर्षांची बंदी, 2011 च्या नोव्हेंबरात लंडनच्या न्यायालयात 6 महिन्यांची शिक्षा. कर्णधार सलमान बट आणि असिफलाही बंदी आणि तुरुंग.

तुमचं ‘पैशापायी माती केली’ हे इथं संपतं. मला पुढचं बोलायचंय.

आकडे काढा. बंदीआधी 14 कसोटींत 51 बळी, सरासरी, म्हणजे दर बळीमागं दिलेल्या धावा, 29.09. ती जितकी कमी तितकी चांगली. परतल्यावर 22 कसोटींत 68 बळी, सरासरी साडेएकतीसच्या घरात. फारसा फरक दिसतो? नाही. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, तो पहिल्यापासून इतकाच होता, उगाच डोक्यावर घेतलं. मला हे मान्य नाही. 18 वर्षांच्या पोराची 29 ची सरासरी ही सुरुवात असते. तो शिकत असतो, मार खात असतो, जुन्या चेंडूनं काय करायचं हे त्याला अजून कळायचं असतं. तिथून पुढं 25-26 पर्यंत आकडा खाली यायला हवा. आमिरचा 24 व्या वर्षी परत आल्यावर होता तिथंच राहिला, किंबहुना जरा चढला. मधली 5 वर्षं त्याच्या हिशेबात कुठंच नाहीत. ती वर्षं परत कुणी देत नाही.

त्या 5 वर्षांत वेगवान गोलंदाजाचं नेमकं काय घडतं, हे आपल्या झहीरवरून बघा. श्रीरामपूरचं पोर, आमच्याच जिल्ह्यातलं, म्हणून मला त्याची वर्षं तोंडपाठ आहेत. 17 व्या वर्षी मुंबईत आला, मग चेन्नईच्या एमआरएफ या वेगवान गोलंदाजांच्या अकादमीत गेला, बडोद्याकडून रणजी खेळला, 2000 साली भारताकडून. पहिली काही वर्षं वेग होता, यॉर्कर होता, दुखापतीही होत्या. 2006 मध्ये तो संघाबाहेर गेला. वय 27. त्या उन्हाळ्यात तो वूस्टरशायरकडून कौंटी, म्हणजे इंग्लंडमधलं देशांतर्गत क्रिकेट, खेळायला गेला. धाव कमी केली, उडी लहान केली, आणि त्या एका मोसमात 78 बळी घेतले. त्या हिरव्या मैदानांवर रोज 20-20 षटकं टाकता टाकता त्याला आपला हात सापडला. 2007 ला ट्रेंट ब्रिजवर 9 बळी, इंग्लंडमध्ये मालिका जिंकली 21 वर्षांनी. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी. शेवटी 92 कसोटींत 311.

झहीरची कसोटी सरासरी 32.94 आहे. आमिरची 30.47. आकड्यानं आमिर वरचढ. पण झहीर ज्या 27 व्या वर्षी वूस्टरला शिकायला गेला, बरोब्बर त्याच 27 व्या वर्षी, जुलै 2019 मध्ये, आमिरनं कसोटी सोडली. 36 कसोटी, 119 बळी, बस्स. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. बंदी लॉर्ड्सच्या त्या आठवड्यानं आणली, पण कसोटी त्यानं स्वतःहून सोडली. परतल्यावर त्याच्या शरीराला पाच दिवसांचा भार सोसत नव्हता, हे मला दिसत होतं. 18 ते 23 या वयात कंबर, मांडी, खांदा षटकांनी घडतात. त्याच्या शरीराला ती षटकं मिळालीच नाहीत. तरीही मला वाटतं, त्यानं आणखी 2 वर्षं काढायला हवी होती. वेग जरा उतरल्यावरच डावखुऱ्याची खरी अक्कल सुरू होते.

आता धाकट्याचं बोलतो, कारण त्याची बाजूही हलकी नाही. 18 जून 2017, ओव्हल. पाकिस्तान 4 बाद 338. रोहित तिसऱ्याच चेंडूवर पायचीत, शून्यावर, तो आत येणारा चेंडू. मग कोहली. त्याची कड लागली, पहिल्या स्लिपमध्ये अझर अलीच्या हातातून झेल सुटला. कुठलाही गोलंदाज तिथं डोकं धरून बसतो, किंवा पुढचा चेंडू रागानं आदळतो. आमिर शांतपणे मागं गेला. पुढचा चेंडू पुन्हा त्याच जागेवर, जरासा बाहेर जाणारा. कोहलीनं तो लेगला वळवायला बॅट फिरवली, कड लागून चेंडू पॉइंटला शादाबच्या हातात. 5 धावा. मग शिखर 21 वर यष्टीमागं झेलबाद. 6 षटकं, 16 धावा, 3 बळी. आपण 158 वर सर्वबाद. त्या दिवशी मी जेवलो नाही, हे खरंय. पण ते दोन चेंडू मी त्यानंतर पोरांना शंभरदा तरी दाखवले असतील. झेल सुटल्यावर पुढचा चेंडू कसा टाकायचा, हे शिकवायला मला त्याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

2016 च्या आशिया चषकातही तसंच. पाकिस्तान 83 वर सर्वबाद, आणि तरी मिरपूरला पहिल्याच षटकात त्यानं रोहित आणि रहाणे दोघांनाही शून्यावर पायचीत केलं. मुंबईच्या तालमीत तयार झालेले दोन फलंदाज, एकाच प्रकारच्या चेंडूवर. थोड्याच वेळात रैनाही गेला. आपण 3 बाद 8 होतो. कोहलीनं 49 केले म्हणून जिंकलो.

तेव्हा धाकट्याला सांगा, की आमिरचे दिवस मोठे होते. पण असे दिवस मोजायला हाताची बोटं पुरतात. लॉर्ड्स, ओव्हल, मिरपूर, 2017 ला किंग्स्टनचे 44 धावांत 6, 2019 च्या विश्वचषकात टॉन्टनला ऑस्ट्रेलियाचे 30 धावांत 5. या दिवसांच्या मधे जी सामान्य दुपार असते, खेळपट्टी पाटा, चेंडू जुना, तिसरा स्पेल, ती दुपार वसीमनं 104 कसोटींत 414 बळी घेऊन जिंकली. आमिरच्या वाट्याला ती फारशी आलीच नाही, आणि आली तेव्हा 2016 च्या इंग्लंड दौऱ्यासारखी आली, 4 कसोटींत 12 बळी, सरासरी 42. त्याच दौऱ्यात लॉर्ड्सला त्याच्या गोलंदाजीवर कुकचे 2 झेल सुटले, 81 वर शेवटी त्रिफळा उडवला, हेही लिहून ठेवतो. नशिबाचा भाग होताच.

एक आठवण सांगून हा प्रश्न संपवतो. 2010 च्या ऑगस्टअखेर, रविवारी बातमी आली, त्याच आठवड्यात माझ्याकडं एक डावखुरा पोरगा होता. आमिरसारखीच धाव, केस कपाळावर तसेच. नेटमध्ये मला म्हणाला, ‘‘सर, एका नो बॉलनं मॅच थोडीच हरतात?’’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी चुना आणला, क्रीजवर ताजी रेघ मारली आणि त्याला म्हटलं, मुद्दाम टाक, रेषेच्या वीतभर पुढं. त्यानं टाकला. पाय पुढं पडला पण खांदा मागं राहिला, चेंडू कुठल्या कुठं गेला. पुन्हा टाक म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं धाव अर्ध्यात सोडली आणि म्हणाला, ‘‘सर, कसंतरीच वाटतंय.’’ त्याच्या पांढऱ्या बुटावर चुना लागला होता. तो बराच वेळ बूट पुसत बसला.

आमिरलाही लॉर्ड्सवर तसंच कसंतरी वाटलं असेल, असं मी धरून चालतो. तो दोषी होता, त्यानं न्यायालयात कबूल केलं. पण माझ्या मनात बटचा दोष जास्त भारी आहे. कर्णधार 25 वर्षांचा, आणि त्याच्या हाताखाली 18 वर्षांचं पोर. त्या वयाचं पोर कर्णधाराच्या तोंडाकडं बघूनच पाऊल टाकतं. मी इतकी वर्षं तशी पोरं सांभाळली आहेत, म्हणून हे मला सोडवत नाही.

प्रश्न : 2024 च्या ट्वेन्टी-20 विश्वचषकात अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. एकीकडं आमिर, दुसरीकडं अमेरिकेकडून खेळणारा आपला सौरभ नेत्रावळकर. आपल्या माणसाकडं आमिरइतके गुण असते तर? (एक विद्यार्थिनी, डोंबिवली)

उत्तर : तुम्ही ते दोघं शेजारी ठेवलेत, म्हणून आभार. मीही तो सामना बघताना तेच करत होतो. दोघंही डावखुरे वेगवान. वयात फक्त 6 महिन्यांचा फरक, सौरभ ऑक्टोबर 1991 चा, आमिर एप्रिल 1992 चा. 2010 च्या जानेवारीत सौरभ न्यूझीलंडमध्ये भारताकडून 19 वर्षांखालील विश्वचषक खेळत होता, तेव्हा आमिर पाकिस्तानच्या मोठ्या संघातून ऑस्ट्रेलियात कसोटी खेळत होता. सौरभला मुंबईकडून रणजीचा एकच सामना मिळाला. मग तो शिकायला अमेरिकेत कॉर्नेलला गेला, सॉफ्टवेअरची नोकरी धरली आणि नोकरी सांभाळून गोलंदाजी चालू ठेवली.

6 जून, डॅलस. दोन्ही संघ 159 वर. आमिरच्या सुपर ओव्हरमध्ये 18 धावा गेल्या, त्यात 3 वाइड, आणि वाइडवर पळून काढलेल्या धावा वेगळ्या. त्या षटकात त्याचं मनगट मला सैल दिसलं, चेंडू बोटांच्या बाजूनं निसटत होता. सौरभनं 13 दिल्या, 1 बळी घेतला. आठवड्याभरात न्यूयॉर्कला त्यानं भारताविरुद्ध कोहली शून्यावर आणि रोहित 3 वर काढला.

‘गुण असते तर’ या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो प्रश्न सौरभवर अन्याय करणारा वाटतो. त्याच्याकडं होतं तेवढं सगळं त्यानं मैदानात ओतलं. रोज कामावरून सुटून कुणीही बघत नसताना नेटमध्ये गोलंदाजी करणं, हे मी कौतुकानं सांगतो आणि माझ्या पोरांनाही सांगतो. आमिरबद्दल त्या रात्री मला वाईट वाटलं. तीनच दिवसांनी भारताविरुद्ध त्यानं 23 धावांत 2 बळी घेतले, म्हणजे हात अजून जिवंत होता. डिसेंबरात त्यानं पुन्हा एकदा निवृत्ती जाहीर केली.

प्रश्न : माझा मुलगा 15 वर्षांचा, डावखुरा. तालुक्याच्या सामन्यात 7 बळी घेतल्यापासून गावात सगळे त्याला ‘झहीर’ म्हणतात, सत्कार झाला, फ्लेक्स लागला. आता तीन क्लब त्याला दर रविवारी बोलावतात. कंबर दुखते म्हणतो. काय करू? (एक आई, राहुरी)

उत्तर : ताई, कंबर दुखते हे तुम्ही शेवटी लिहिलंय, मी ते पहिलं घेतो. उद्याच त्याची गोलंदाजी बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात मणक्याचं हाड अजून पक्कं व्हायचं असतं. प्रत्येक चेंडूला तो एका पायावर आदळतो आणि कंबरेतून पिळला जातो. हाडाला बारीक चीर पडली तर सुरुवातीला नुसतं दुखतं, पोरं तेल लावून खेळत राहतात.

पाकिस्तानचाच एक मोहम्मद झाहिद होता, नाव आठवणारे आता थोडे. 1996 ला रावळपिंडीत पहिल्याच कसोटीत न्यूझीलंडचे 11 बळी घेतले. त्या काळात त्याच्याइतका वेगवान कुणी नाही, असं बोललं जायचं. मग पाठ गेली. सगळ्या मिळून 5 कसोटी, 15 बळी. त्यातले 11 पहिल्याच सामन्यातले. आमिरबद्दल माणसं अजून वाद घालतात, झाहिदबद्दल वाद घालण्याइतकंही उरलं नाही. अलीकडं नसीम शाह 16 व्या वर्षी कसोटी खेळला, आणि 2023 चा विश्वचषक त्याला खांद्याच्या दुखापतीनं घरी बसून बघावा लागला.

डॉक्टरांनी मोकळं केलं तर तीनपैकी एकच क्लब ठेवा. माझ्याकडं 15 वर्षांच्या पोराला सलग 5 षटकांच्या वर मी चेंडू देत नाही, आठवड्यात तीनच दिवस, त्यातही दोन दिवस लागोपाठ नाहीत. नेटमधले चेंडूही धरायचे. एका वहीत रोजचे चेंडू त्यानं स्वतः लिहायचे, तुम्ही नाही. आणि फ्लेक्स उतरवून घ्या. झहीर म्हणणाऱ्यांचं प्रेम असतं, पण दुखतंय हे सांगायला मग पोर लाजतं. त्यानं तुम्हाला सांगितलं, हे तुमच्या घरातलं चांगलं लक्षण आहे.

राहुरीहून नगर लांब नाही. डॉक्टरांचा कागद आणि ती वही घेऊन त्याला एखाद्या रविवारी सकाळी 7 वाजता वाडिया पार्कवर पाठवा. बूट आणायचे, चेंडू मी देईन. पहिल्या दिवशी तो गोलंदाजी करणार नाही, नुसतं उभ्या उभ्या मनगट कसं मागं ठेवायचं ते बघू.